चढत्या भरतीचा मुहूर्त

त्या लग्नाची तारीख भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून ठरली. नवरदेव साठीचा, नवरी त्याच्याहून थोडी मोठी, दोघांकडे शिडाची एकेक बोट, आणि आमंत्रण ज्यांना गेलं ती जवळपास सगळी मंडळी बोटवाली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यासमोर वाइट बेट आहे. त्याच्या पूर्व टोकाला बेंब्रिज नावाचं लहानसं बंदर आहे. ओहोटीला त्याचा मोठा भाग कोरडा पडतो, तोंडाशी वाळूचा उथळ पट्टा आहे, आणि पूर्ण भरतीच्या आधीचे व नंतरचे तीनेक तास सोडले तर आत-बाहेर करता येत नाही. लग्नाचा सोहळा याच बंदरातल्या वाळूवर करायचा, असं दोघांनी ठरवलं. त्यानंतर तारीख निवडणं माणसांच्या हातात फारसं उरलं नाही.

मी साउथॅम्प्टनला राहते. गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी नवरीच्या बोटीवर हाताखालचं माणूस म्हणून जाते. दोर ओढते, चहा करते, रात्री दिवे मोजते. तारखेची चर्चा झाली तेव्हा मी तिच्या केबिनमध्येच होते. कोणीतरी पौर्णिमेनंतरचा शनिवार सुचवला, कारण मोठं उधाण पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतं आणि बंदरात भरपूर पाणी असतं. या बोटवाल्यांमधले सर्वांत वयस्कर गृहस्थ तिथे होते. त्यांनी मान हलवली. उधाणाच्या शिखरावर बोट वाळूत बसवली, तर पुढची प्रत्येक भरती आधीच्या भरतीपेक्षा थोडी कमी चढते. बोट वर राहिली तर राहिली. पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे दोन आठवडे, ती तिथेच. म्हणून बोट मुद्दाम कोरडी पाडायची ती भरत्या चढत असताना. रात्रीचं पाणी दुपारच्या पाण्यापेक्षा थोडं जास्त येणार याची खात्री हवी. सगळ्यांनी ते मानलं आणि जूनमधल्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशीचा शनिवार पक्का झाला.

मला हे ऐकताना माझी आजी आठवली. आमचं घर गुहागर तालुक्यातलं, खाडीपासून लांब नाही. आजीचं माहेर दाभोळचं, वाशिष्ठीच्या उत्तरेचं, आणि सासर खाडीच्या दक्षिणेला. तिच्या लग्नाचं वऱ्हाड होडीतून आलं. गुरुजींनी काढलेला मुहूर्त खारवी तांडेलाला विचारून मग पक्का केला होता, कारण ओहोटीला दक्षिणेच्या काठावर गुडघाभर चिखल असायचा आणि नव्या नवरीला कोणी चिखलातून चालवत नेणार नव्हतं. आजी शाळा शिकलेली नव्हती, पण भरतीची वेळ तिला तोंडपाठ काढता यायची. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. कोकणच्या किनाऱ्यावर हा हिशोब पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे.

तेव्हा केबिनमध्ये बसून मी तोच हिशोब केला. पौर्णिमेच्या आदला दिवस म्हणजे चतुर्दशी. चौदाची पाऊणपट साडेदहा. इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे असतात, म्हणून साडेअकरा. समोरच्या पोर्ट्समथ बंदराच्या छापील तक्त्यात त्या दिवशीच्या भरतीची वेळ काही मिनिटांच्या फरकाने तीच निघाली. यात चमत्कार काही नाही. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास पूर्ण भरती येणं हे मुंबईच्या किनाऱ्याचंही वैशिष्ट्य आहे आणि पोर्ट्समथचंही. एवढा मेळ जमला की बाकीचा हिशोब चंद्र सांभाळतो. पण दाभोळच्या खाडीवरची आजीची रीत सोलंटच्या, म्हणजे वाइट बेट आणि इंग्लंड यांच्यामधल्या पाण्यावर चालली, याचा मला झालेला आनंद मोठा होता. त्या वयस्कर गृहस्थांनी ती रीत स्वतःच्या वहीत उतरवून घेतली.

आता या बोटींविषयी सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय हे लग्न कळणार नाही. दोघांच्याही बोटी एकाच जातीच्या, वेस्टर्ली सेंटॉर. लांबी 26 फूट. लॉरंट जाइल्स या नामवंत आरेखन संस्थेने तिचा आराखडा केला आणि पोर्ट्समथजवळच्या वॉटरलूव्हिल इथे 1969 पासून पुढची दहा-अकरा वर्षं ती बांधली गेली. दोन हजार चारशेहून जास्त बोटी बाहेर पडल्या. फायबरग्लासची, रुंद पोटाची, वेगाला बेताची, आणि शर्यतीतल्या लोकांनी कधी वळून न बघितलेली बोट. तिचं मोठेपण तिच्या तळाशी आहे. शिडाच्या बहुतेक बोटींना तळाखाली मधोमध एकच खोल कील, म्हणजे खाली उतरलेलं जड पातं, असतो आणि ओहोटीला त्या कुशीवर आडव्या होतात. सेंटॉरला दोन्ही बाजूंना एकेक आखूड कील आहे. जेमतेम तीन फूट पाणी तिला पुरतं, आणि पाणी गेलं की ती दोन पायांवर सरळ उभी राहते. आत गॅसवर ठेवलेलं दूधसुद्धा सांडत नाही. शाळामास्तर, परिचारिका, वायरमन, पोस्टातली माणसं अशांनी या बोटी घेतल्या, दुरुस्त करत करत वापरल्या, मुलांना त्यांच्यातून फिरवलं. आज त्या पन्नाशीच्या आसपास आहेत आणि जुन्या मोटारीच्या किमतीत मिळतात. म्हणून त्यांच्या मालकांमध्ये एक वेगळा जिव्हाळा असतो. सुटा भाग मिळत नाही, तो दुसऱ्या सेंटॉरवाल्याकडे मिळतो. काय बिघडलंय ते कळत नाही, ते तिसऱ्याला कळतं.

नवरी निवृत्त परिचारिका. तिची बोट 1973 ची. ती तिने आणि तिच्या पहिल्या नवऱ्याने मिळून घेतली होती. तो एका हिवाळ्यात गेला. बोट त्या वेळी आवारात लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली होती. वसंतात बोटी पाण्यात उतरवायच्या आधी तळ घासून शेवाळरोधक रंगाचा नवा हात द्यावा लागतो. तिला त्या आवारात पाऊल ठेववत नव्हतं. मार्चमधल्या एका शनिवारी ती मनाची तयारी करून गेली, तर चार जण तिच्या बोटीखाली पाठीवर झोपून तळ घासत होते. कोणी तिला फोन केला नव्हता, कोणी सांत्वनाचं बोललं नाही. एकाने तिच्या हातात घासणी दिली. ही गोष्ट तिने मला एकदाच सांगितली आहे. त्या चौघांपैकी एक आताचा नवरदेव, हे सांगितलं तर गोष्ट फार गोड वाटेल. तो त्यांच्यात नव्हता. तो खूप नंतर आला, पूर्वेच्या किनाऱ्यावरून, स्वतःची सेंटॉर घेऊन.

त्यांचं जुळलं ते समुद्रावर, आणि सगळ्यांच्या कानांदेखत. एका उन्हाळ्यात या मंडळींच्या सहा बोटी सोबतीने शेर्बूरला निघाल्या. वाइट बेटापासून फ्रान्सचा तो किनारा साठ-सत्तर सागरी मैल. सेंटॉर ताशी साडेचार-पाच मैल जाते, म्हणजे उत्तम वारा असला तरी चौदा-पंधरा तास. मध्ये इंग्लिश खाडीतून जाणारी मालवाहू जहाजं असतात, तिच्या तिप्पट-चौपट वेगाने येणारी. अशा वेळी बोटी एकमेकींशी व्हीएचएफ रेडिओवर बोलत राहतात. सोळा नंबरवर हाक मारायची आणि मग बोटींच्या आपसातल्या वाहिनीवर, बहुतेक वेळा 77 वर, जायचं. त्या प्रवासात दोघंही आपापल्या बोटीवर एकटे होते. तिने विचारलं, डावीकडून येणारं जहाज तुला दिसतंय का. त्याने विचारलं, तू काही खाल्लंस का. पहाटे तीनला तिने त्याला जागं ठेवण्यासाठी आपल्या वॉर्डातल्या गोष्टी सांगितल्या. रेडिओवरचं बोलणं उघडं असतं. आवाक्यातला कोणीही ते ऐकतो, आणि उरलेल्या चार बोटींनी ते सगळं ऐकलं. शेर्बूरला पोहोचेपर्यंत जे या दोघांच्या लक्षात आलं नव्हतं ते बाकीच्यांना कळून चुकलं होतं. पुढची दोन वर्षं कोणी त्यावरून त्यांची थट्टा केली नाही. त्या वाहिनीवर रात्री दोघं बोलू लागली की इतर जण आवाज कमी करत, एवढंच.

मला हे लग्न इतकं महत्त्वाचं का वाटलं, त्याचं कारण इथे आहे. इंग्लंडच्या कायद्याला लग्नाला दोन साक्षीदार लागतात. ते कोणीही चालतात. नोंदणी कार्यालयाबाहेरून जाणाऱ्या अनोळखी माणसाला बोलावलं तरी सही वैध असते. आपल्याकडेही आता लग्नाला येणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या दोघांना एकत्र काम करताना पाहिलेलं असतं? जेवायला बसलेलं, फोटोत उभं राहिलेलं पाहिलेलं असतं. दमलेलं, भिजलेलं, चिडलेलं, घाबरलेलं पाहिलेलं नसतं. मला मनापासून वाटतं की लग्नाचा साक्षीदार तो, ज्याने या दोन माणसांना अडचणीत एकमेकांशी कसं वागतात ते पाहिलं आहे. आणि असं पाहण्याची संधी बोटवाल्यांना जितकी मिळते तितकी क्वचित कोणाला मिळत असेल.

कोणत्याही नांगरवाडीत संध्याकाळी तासभर बसा. जोडपी येतात आणि नांगर टाकतात. एक जण सुकाणूवर, दुसरा नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, साखळीशी. मध्ये वारा, इंजिनाचा आवाज, वीस-पंचवीस फुटांचं अंतर. मागचा ओरडतो ते पुढच्याला ऐकू येत नाही, पुढचा हातवारे करतो त्याचा मागचा उलटा अर्थ घेतो. साखळी नको तेव्हा सुटते, हवी तेव्हा अडकते. आजूबाजूच्या सगळ्या बोटींवरची माणसं कपातून नजर वर काढून हे पाहत असतात, कारण चुकीचा पडलेला नांगर रात्री त्यांच्याच अंगावर येणार असतो. कितीतरी चांगल्या जोडप्यांची सर्वांत वाईट भांडणं या दहा मिनिटांत होतात. या दोघांचीही झाली. न्यूटाउनच्या खाडीत एकदा तिने सुकाणू सोडून नाळेवर जाऊन त्याच्या हातातून साखळी काढून घेतली होती, आणि ते सात बोटींनी पाहिलं होतं. त्यानंतर दोघांनी हाताच्या खुणा ठरवल्या. मूठ म्हणजे थांब, तळहात खाली म्हणजे सोड, हाताचं बोट दाखवलेल्या दिशेला बोट वळव. आता ते एक शब्द न बोलता नांगर टाकतात. त्या मंडळींपैकी एक बाई मला म्हणाल्या, त्यांना तसा नांगर टाकताना पाहिलं तेव्हाच मी लग्नासाठी टोपी घेतली.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी सगळे प्रायरी बे नावाच्या खाडीत जमले. पश्चिमेचा वारा होता आणि बेटाच्या आडोशाला पाणी शांत होतं. सर्वांत जड बोटीने मोठा नांगर टाकला आणि बाकीच्या तिच्या दोन्ही अंगांना येऊन लागत गेल्या. मध्ये बोटी घासू नयेत म्हणून फुगीर फेंडर, पुढे-मागे दोर, आणि पुढे-मागे सरकू नये म्हणून तिरपे दोर. एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. डोलकाठ्या एका रेषेत ठेवायच्या नाहीत, पुढे-मागे ठेवायच्या. लाट आली की बोटी डुलतात आणि शेजारशेजारच्या काठ्यांचे आडवे हात एकमेकांना धडकून मोडतात. आणि दुसऱ्याच्या बोटीवरून जायचं तर नाळेवरून जायचं, मागच्या बाजूने नाही. मागची बाजू म्हणजे त्यांची बसायची-निजायची जागा. दारातून आत डोकवावं लागू नये म्हणून हा रिवाज. मी बोटी ओलांडत गेले, प्रत्येक ठिकाणी माझ्या हातात काही ना काही पडलं. कोणी भाजलेले शिंपले दिले, कोणी आल्याचा केक दिला. मी भारतातली आहे हे कळलं की अभिलाष टॉमींचं नाव निघायचंच. या लोकांना तो माणूस ठाऊक आहे. 2018 च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात त्यांची डोलकाठी मोडली, पाठ जायबंदी झाली, सुटका करावी लागली. आणि तोच माणूस पुढच्या शर्यतीत दुसरा आला. मग मी त्यांना आपल्या दिलीप दोंद्यांविषयी सांगितलं, 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, आणि गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेल्या ‘म्हादेई’विषयी सांगितलं. लाकूड कोणतं, किती महिन्यांत बांधली, असे प्रश्न सुरू झाले आणि तिथून निघायला मला फार उशीर झाला. अंधार पडायच्या आत मात्र सगळ्यांनी दोर सोडले आणि प्रत्येकाने स्वतःचा नांगर टाकला. रात्री वारा फिरला तर एका नांगराच्या भरवशावर इतक्या बोटी ठेवत नाहीत.

सकाळी भरतीच्या आधी एकामागून एक आम्ही बंदरात शिरलो. डाव्या-उजव्या खुणांच्या मधून, संथ, खोली मोजत. या तोंडाशी सेंट हेलेन्सच्या जुन्या चर्चचा मनोरा उभा आहे. बाकीचं चर्च समुद्राने खाल्लं. मनोऱ्याची समुद्राकडची बाजू पांढरी रंगवून दर्यावर्दींसाठी खूण म्हणून ठेवली आहे. 15 सप्टेंबर 1805 ला ब्रिटिश नौसेनापती नेल्सनची युद्धनौका ‘व्हिक्टरी’ याच सेंट हेलेन्ससमोरून ट्रफाल्गरच्या लढाईला निघाली. त्या मनोऱ्याकडे पाठ करून आम्ही वाळूच्या उतारावर पाण्यात ओळीने नांगर टाकले. कोणती बोट कुठे बसेल हे त्या वयस्कर गृहस्थांनी आदल्या महिन्यात ओहोटीला येऊन काठ्या रोवून पाहून ठेवलं होतं. वाळूत कुठे खड्डा आहे, कुठे जुनी साखळी पडली आहे, ते आधी पाहिलं नाही तर कील तिरका बसतो.

बोटीच्या कप्तानाने लग्न लावणं हा समज इथेही पुष्कळांना असतो. ब्रिटिश कायद्यात त्याला काही आधार नाही. इंग्लंडमध्ये लग्न लागतं ते मान्यताप्राप्त जागेत. बोट असली तर ती कायमची एका जागी बांधलेली असावी लागते, आणि जिचं सगळं आयुष्य सुटण्यात आहे तिचा तिथे निभाव लागत नाही. स्कॉटलंडमध्ये हे नियम सैल आहेत. त्यामुळे ते दोघं आणि दोन साक्षीदार नोंदणी कार्यालयात गेले. अठ्ठावीस दिवसांची नोटीस आधीच दिलेली होती. तिथल्या प्रमाणपत्रावर 2021 पासून आईचंही नाव लिहितात. त्याआधी 1837 पासून फक्त वडिलांचं असायचं. नवरीला हे फार बरं वाटलं. तिला पोहायला आणि वल्हवायला आईने शिकवलं होतं.

ते परत आले तेव्हा बोटींचे कील नुकते वाळूला लागले होते. आम्ही प्रत्येक बोटीवर पताकांची माळ चढवली होती, नाळेपासून काठीच्या टोकावरून मागच्या टोकापर्यंत. सागरी संकेतांच्या संचात चाळीस पताका असतात. सव्वीस अक्षरं, दहा आकडे, आणि उरलेल्या चार खास कामाच्या. अशी माळ फक्त थांबलेल्या बोटीवर चढवतात, चालत्या बोटीवर नाही. दोघं वाळूच्या कडेवर दिसताच प्रत्येक बोटीवर आणखी एक पताका वर गेली. निळी, पांढरी, लाल, पांढरी, निळी अशा आडव्या पट्ट्यांची. सी अक्षराची. समुद्रावर तिचा अर्थ एकच, होय. नवरी गुडघ्यापर्यंत रबरी बूट आणि वर निळा रेशमी झगा अशी उभी होती. तिने मान वर करून एकेक बोट मोजल्यासारखी पाहिली. मला तिचा चेहरा पाहवला नाही.

मी नारळ नेला होता. साउथॅम्प्टनच्या बाजारातून आणलेला, शेंडी ठेवलेला. सकाळी भरती पूर्ण होती तेव्हा दोघांना विचारून मी तो पाण्यात सोडला. आजीच्या वऱ्हाडातही खाडीला नारळ दिला होता. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यांतून देतात तसाच. नवरदेवाने विचारलं, हा कोणासाठी. मी म्हटलं, पाण्यासाठी, त्याने तुम्हाला सांभाळावं म्हणून. त्याने टोपी काढली. मग तो नारळ ओहोटीबरोबर बाहेर जाईपर्यंत त्या वयस्कर गृहस्थांनी त्याच्यावर लक्ष ठेवलं, कोणाच्या इंजिनाच्या पंख्यात येऊ नये म्हणून.

पाणी गेलं आणि बोटी पूर्ण उभ्या राहिल्या. टेबलं बोटींच्या मध्ये, ओल्या वाळूत मांडली. प्रत्येक बोटीने आपल्या दोन बर्नरच्या शेगडीवर जे होईल ते केलं होतं. मी नारळीभात केला होता. जेवणाआधी मात्र एक गोष्ट घडली, जी मला फार आवडली. सूट घातलेले, टोप्या घातलेले, फुलं लावलेले लोक एकमेकांच्या बोटींखाली वाकून पाहू लागले. बोटीचा तळ एरवी कोणाला दिसत नाही. कोणाचा गंज टाळायला लावलेला झिंकचा तुकडा झिजलाय, कोणाच्या पंख्यावर बार्नकलचे कवचाचे जीव बसलेत, कोणाच्या कीलच्या सांध्याशी भेग दिसतेय. या जातीच्या बोटीचा तो सांधा नाजूक असतो, त्याला आतून जोड द्यावा लागतो. एका तरुण जोडप्याने नुकतीच बोट घेतली होती. त्यांच्या सांध्याशी पाणी झिरपताना दिसलं. लग्नाच्या जेवणाच्या टेबलावर, कागदी रुमालावर, त्यांना तो जोड कसा द्यायचा याचं चित्र काढून मिळालं, आणि ऑक्टोबरमधले दोन शनिवारही ठरले.

ती तरुण जोडप्याची बोट म्हणजे नवरदेवाची जुनी बोट. लग्न ठरल्यावर दोन सेंटॉर ठेवणं परवडणार नव्हतं. जागेचं भाडं, विमा, दरवर्षीचा रंग, सगळं दुप्पट. कोणती विकायची? त्याच्या बोटीत नवं इंजिन होतं, शिडं चांगली होती. तिच्या बोटीचं मूळचं इंजिन शेवटच्या घटका मोजत होतं. हिशोबाने तिची विकायची. तिला ते शक्य नव्हतं, आणि त्याने तिला ते कधी विचारलं नाही. तो एकदा मंडळींसमोर म्हणाला, माझी विकतो. तेव्हा या बोटवाल्यांनी आपला आहेर ठरवला. आदल्या हिवाळ्यात, दर शनिवारी, सहा-सात जण आवारात जमले. दोन्ही बोटी शेजारी उभ्या होत्या. शिडाच्या आडव्या काठीला दोर बांधून, तिचाच उचलदांडा करून, त्यांनी त्याच्या बोटीतलं इंजिन केबिनच्या दारातून वर काढलं आणि तिच्या बोटीत उतरवलं. एकाच जातीच्या बोटी, तरी सगळं बसलं नाही. पाया नव्याने करावा लागला, पंख्याच्या दांड्याची रेघ जुळवायला तीन शनिवार गेले. थंडीने बोटं बधिर होत, बोल्ट तळाशी पडत, आणि अंधार चार वाजता होई. या कामाचे पैसे द्यायचे म्हटले तर काही हजार पाउंड झाले असते. ज्या लोकांनी ते केलं त्यांच्यातले दोन जण त्या मार्चमध्ये तिच्या बोटीखाली झोपून तळ घासणारे होते. उरलेली बिनइंजिनाची बोट त्या तरुण जोडप्याला स्वस्तात मिळाली. त्यांनी मागे बाहेरून अडकवायचं एक लहान आउटबोर्ड इंजिन लावलं आणि बोटीतूनच ते लग्नाला आले.

भाषणं फार झाली नाहीत. वारा दक्षिणेला फिरतोय की नाही यावर अधिक बोलणं झालं. रेडिओवरच्या सागरी हवामानवार्तेत आमच्या विभागाचं नावच वाइट. ती वार्ता लागली तेव्हा सगळं लग्न दोन मिनिटं गप्प झालं. एका बाईंनी एरिक आणि सुझन हिस्कॉक यांची आठवण काढली. या जोडप्याने 1952 ते 1955 या काळात ‘वाँडरर 3’ या तीस फुटी बोटीतून पृथ्वीला फेरी मारली होती. दोन माणसांनी लहान बोटीत राहून जग पाहावं, ही वाट इंग्लंडमधल्या कितीतरी साध्या माणसांना त्यांनी दाखवली. बाई म्हणाल्या, लोक त्यांच्या वादळांविषयी वाचतात. मी मात्र नेहमी त्या पहाऱ्यांचा विचार करते. दोनच माणसं असली की एक झोपतो तेव्हा दुसरा जागतो. आठवडेच्या आठवडे नवरा-बायको एकत्र झोपत नाहीत. एकाच्या जागेची ऊब दुसऱ्याला मिळते, एवढीच भेट. आणि तरी किंवा म्हणूनच ते टिकतं.

रात्री नऊच्या सुमाराला पाणी परत आलं. सूर्य मावळायला अवकाश होता. टेबलं उचलली गेली, मुलांना बोटींवर चढवलं, आणि पाणी आधी रबरी बुटांशी, मग कीलच्या मध्यापर्यंत आलं. एकेक बोट हलली, दोन-तीनदा वाळूवर आपटली आणि तरंगू लागली. एक सोडून सगळ्या तरंगल्या. ती एक मात्र बराच वेळ हलेना. वीस माणसं तिच्या एका कडेला जाऊन उभी राहिली, ती कलली आणि सुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरीने मला तिच्या केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर कागद होता. ब्रिटनमध्ये लहान बोटीची साधी नोंदणीही करता येते, पण तिच्या बोटीची पूर्ण नोंदणी आहे. अशा नोंदणीत जहाजाची मालकी 64 हिश्श्यांची असते, मग ते तेलवाहू जहाज असो की 26 फुटांची सेंटॉर. तिचे 32 आणि पहिल्या नवऱ्याचे 32 होते. तो गेल्यावर त्याचे 32 तिच्या नावावर आले. त्या वेळचा कागद तिने एकटीने, वकिलाच्या खोलीत बसून केला होता. आता ती 32 हिस्से एका पाउंडाला नव्या नवऱ्याला विकत होती. विक्रीपत्रावर साक्षीदाराची सही लागते. तिने माझ्यासमोर पेन ठेवलं.

मी सही केली, पत्ता लिहिला. नवरदेवाने खिशातून एक पाउंडाचं नाणं काढून टेबलावर ठेवलं. तिने ते उचलून चहाच्या डब्यात टाकलं. बाहेर बाकीच्या बोटी नांगर उचलायला लागल्या होत्या. भरती पूर्ण व्हायला दोन तास होते, वारा आग्नेयेचा, आणि शेर्बूरला निघायचं तर याच पाण्यावर.

‘आता अर्धी बोट माझी,’ तो म्हणाला, ‘मग आज सुकाणूवर मी?’

‘तू नाळेवर जा,’ ती म्हणाली, ‘साखळी वर येताना चिखल धुऊन घे. मी इंजिन लावते.’